भारतातील फोर्कलिफ्ट चालकांचे वेतन

फोर्कलिफ्ट चालकांचे वेतन म्हणजे कारखाने, गोदामे, शीतगृहे, मालधक्के व बंदरे येथे फोर्कलिफ्ट, रीच ट्रक, स्टॅकर यांसारखी माल उचलणारी औद्योगिक वाहने चालवणाऱ्या कामगारांना मिळणारा मोबदला होय. आंतरराष्ट्रीय प्रमाण व्यवसाय वर्गीकरणात (२००८) या व्यवसायाचा संकेतांक ८३४४ आहे. भारतात या कामासाठी देशभर लागू असलेला एकच वेतनदर नाही. सारखेच यंत्र चालवणाऱ्या दोन चालकांच्या वेतनात जो फरक आढळतो, तो यंत्रापेक्षा त्यांच्या नेमणुकीच्या स्वरूपामुळे अधिक पडतो.

कामाचे स्वरूप व परवाना

साध्या फोर्कलिफ्टमध्ये पुढील काट्यांवरील भार मागील प्रतिभाराने तोलला जातो. भार जितका पुढे सरकतो किंवा उंच जातो, तितके यंत्र उलटण्याची शक्यता वाढते. म्हणून क्षमतेचा अंदाज, मालाची मांडणी व वळणावरील वेग यांचे ज्ञान चालकाला आवश्यक असते. अरुंद वाटांच्या गोदामांत उंच मांडण्यांवर माल ठेवणारा रीच ट्रक आणि बंदरात कंटेनर उचलणारा रीच स्टॅकर यांना वेगळे प्रशिक्षण लागते. ही यंत्रे चालवू शकणाऱ्यास सामान्यतः अधिक वेतन मिळते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेले वाहन 'मोटार वाहन' ठरत नाही. त्यामुळे आवारातील फोर्कलिफ्ट चालकाचे कौशल्य परिवहन विभागाच्या परवान्यावरून सिद्ध होत नाही. प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र, कंपनीने घेतलेली चाचणी व अनुभव यांवर त्याची पारख होते. एका ठिकाणी मान्य झालेला अनुभव दुसऱ्या ठिकाणी तसाच मान्य होईल याची खात्री नसल्याने नोकरी बदलताना चालकाची वेतन ठरवून घेण्याची ताकद मर्यादित राहते.

किमान वेतन

किमान वेतन अधिनियम, १९४८ नुसार सरकार निरनिराळ्या उद्योगांसाठी किमान दर ठरवत असे. वेतन संहिता, २०१९ मध्ये हा कायदा आणि वेतन प्रदान (१९३६), बोनस प्रदान (१९६५) व समान पारिश्रमिक (१९७६) हे अधिनियम एकत्र करण्यात आले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात केंद्र सरकारने तळवेतन ठरवण्याची तरतूद असून राज्यांना त्याखालील दर ठरवता येत नाही.

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा वर्गांनुसार आणि परिमंडळांनुसार ठरत आले आहेत. मूळ दरात ग्राहक किंमत निर्देशांकाशी निगडित विशेष भत्ता मिळवला जातो व तो दर सहा महिन्यांनी बदलतो. चालकाची नोंद कोणत्या वर्गात होते याला म्हणूनच महत्त्व आहे. यंत्र चालवणाऱ्या कामगाराची नोंद 'मदतनीस' म्हणून झाली, तर त्याला खालच्या वर्गाचा दर मिळतो.

नेमणुकीचे प्रकार

कायम कामगार: कामगार संघटना व व्यवस्थापन यांच्यातील वेतनकरार कायम चालकाला लागू होतो. त्याचे वेतन सेवाकाळानुसार वाढते आणि किमान दराच्या बरेच वर जाऊ शकते.

निश्चित मुदतीचा कामगार: औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार त्याला तेच काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा कमी वेतन व लाभ देता येत नाहीत. एक वर्षाच्या सेवेनंतर तो उपदानास (ग्रॅच्युइटी) पात्र ठरतो.

कंत्राटी कामगार: गोदामांतील अनेक चालक कंत्राटदारामार्फत नेमलेले असतात. त्यांचा दर बहुधा किमान वेतनाच्या आसपास राहतो, आणि कंत्राटदार बदलल्यास सेवाकाळाची गणना खंडित होण्याचा धोका असतो. मुख्य मालकाच्या कामगारासारखेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला समान वेतन द्यावे, अशी अट कंत्राटी कामगारांसंबंधीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत होती.

बंदर कामगार: प्रमुख बंदरांच्या कामगारांचे वेतन द्विपक्षीय करारांनी ठरते. २०२४ मधील कराराची मुदत १ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२६ अशी असून त्यात ८.५ टक्के वेतनवाढ मान्य झाली. खाजगी टर्मिनलांवर कंत्राटदाराने नेमलेल्या चालकांना हा करार आपोआप लागू होत नाही.

माथाडी मंडळे व यांत्रिकीकरण

अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी अधिनियम झाला. नोंदणीकृत मालक मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा इत्यादी लाभ दिले जातात. हा कायदा अंगमेहनतीच्या कामासाठी आहे. पॅलेटवर रचलेला माल फोर्कलिफ्टने उतरवला जाऊ लागल्यावर अंगमेहनतीचे काम नेमके कोणते, यावरून वाद होऊ लागले. हमालाच्या तुलनेत चालकाचे कौशल्य वरचे मानले जात असले, तरी कंत्राटी चालकामागे मंडळासारखे संरक्षण असतेच असे नाही.

जादा काम व कपाती

वेतन संहितेनुसार सामान्य कामाच्या तासांपलीकडील कामाला किमान दुप्पट दर देणे बंधनकारक आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीसाठी कामगाराच्या वेतनातून १२ टक्के कपात होते. वेतनमर्यादा १५,००० रुपये धरल्यास ही रक्कम १,८०० रुपये होते. राज्य विमा योजनेत २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराकडून ०.७५ टक्के, तर मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी घेतली जाते.

उदाहरणादाखल, महाराष्ट्रातील एखाद्या पुरुष चालकाचे मूळ वेतन व भत्ता मिळून १५,६०० रुपये मानल्यास २६ दिवसांच्या हिशेबाने रोजचा दर ६०० रुपये व आठ तासांच्या दिवसात तासाचा दर ७५ रुपये येतो. निधीचे १,८००, विम्याचे ११७ व व्यवसाय कराचे २०० रुपये वजा जाता हातात १३,४८३ रुपये पडतात (व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० रुपये असतो). जादा कामाचा दर तासाला १५० रुपये होतो. २० तासांचे ३,००० रुपये मिळायला हवेत. हेच तास साध्या दराने मोजले, तर चालकाचे १,५०० रुपयांचे नुकसान होते. म्हणून दोन नोकऱ्यांची तुलना करताना केवळ मासिक आकडा पुरेसा ठरत नाही. वेतनचिठ्ठीवरील कौशल्यवर्ग, जादा कामाचा दर व निधीची नोंदही पाहावी लागते.

हे सुद्धा पहा

किमान वेतन
माथाडी कामगार
कंत्राटी कामगार
कर्मचारी भविष्य निर्वाह निधी