बुरानी : एका वाटीचा बाराशे वर्षांचा प्रवास

मागच्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारला अर्धा तास उरला होता आणि घरात रुसवेफुगवे सुरू झाले होते. कबाब तळून तयार होते, खजूर-फळे दस्तरखानावर आली होती, पण कबाबसोबत खायची लसणाच्या पांढऱ्या डिपची बाटली रिकामी निघाली. आमच्या करमाळ्यातही आता शोरमा मिळतो. त्यासोबत येणाऱ्या पांढऱ्या सॉसची चव मुलांच्या जिभेवर बसली आणि मग किराणा सामानाच्या यादीत त्या बाटलीने कायमची जागा मिळवली. शंभर-दीडशे रुपयांची बाटली, चार दिवसांत फस्त. रमजानमध्ये तर दोन दिवसांत.

अम्मी त्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला होत्या. त्यांनी रिकाम्या बाटलीच्या कडेला बोट फिरवले, चाटून पाहिले आणि हसल्या. "इस में क्या है बेटा? ये तो अपनी बुरानीच है. मेरी अम्मा परांडे में शादी-ब्याह को पतीला भर के करती थी."

त्या संध्याकाळी मुलांनी कबाब पुदिन्याच्या चटणीसोबत खाल्ले. पण तरावीहनंतर अम्मींनी लिटरभर म्हशीच्या दुधाचे दही पातळ मलमलीत बांधले आणि पुरचुंडी मोरीवरच्या खुंटीला टांगली. सहरीला उठल्यावर खालच्या पातेल्यात हिरवट पाणी साचले होते आणि फडक्यात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास चक्का उरला होता. आमच्या पिढीने चक्का म्हटले की श्रीखंडच आठवायचे. अम्मींनी तो फ्रिजमध्ये ठेवला आणि दुपारनंतर त्याचे वेगळेच काही केले.

लसणाच्या सात-आठ पाकळ्या मिठासोबत खलबत्त्यात लोण्यासारख्या वाटल्या. त्यातल्या निम्म्या चमचाभर तेलात मंद आचेवर परतल्या, निम्म्या कच्च्याच ठेवल्या. "कच्चा लसूण नाक में चढता, परत्या हुआ मिठास देता, दोनों होना," हा त्यांचा खुलासा. मग चक्का रवीने नव्हे, लाकडी चमच्याने एकाच दिशेने घोटला आणि घोटता घोटता दोन चमचे शेंगदाण्याचे तेल थेंब-थेंब सोडले. वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड. वाटीत जे तयार झाले ते बाटलीतल्यासारखे गुळगुळीत होते, चमच्याला धरून राहणारे. मुलांनी आधी नाक मुरडले, मग कबाब बुडवला आणि मगरिबची अजान होऊन दहा मिनिटे झाली नाहीत तोच वाटी चाटूनपुसून साफ. खाली उरलेल्या निवळीत अम्मींनी भाकरीचे पीठ भिजवले. काही वाया गेले नाही.

आम्ही शाळेत इतिहास शिकवतो. खोड अशी की एखादा शब्द कानावर पडला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. बुरानी हा शब्द लहानपणी नानींच्या तोंडून ऐकला होता, पण कधी विचारले नव्हते. हैदराबादेत बिर्याणीसोबत लसणाचा जो पातळ रायता देतात त्याला बुऱ्हाणी रायता म्हणतात, हे माहीत होते. त्यामुळे पहिला तर्क चुकीच्या वाटेने गेला. वाटले, बुऱ्हाणपूरशी संबंध असावा. नाहीतर १५१० ते १५५३ या काळात अहमदनगरच्या गादीवर असलेल्या बुऱ्हाण निजामशहाशी. आमचा मुलूख त्याच निजामशाहीतला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर निजामशाहीने काही काळ परांड्यालाच राजधानी केले होते. तर्क मनाला पटणारा होता, पण खरा नव्हता. हा शब्द बुऱ्हाण निजामशहापेक्षा सात शतकांनी जुना निघाला आणि तो कोणा बादशहाचा नसून एका स्त्रीच्या नावाचा निघाला.

तिचे नाव बुरान. मूळ नाव खदीजा असल्याचेही सांगतात. अब्बासी खलिफा मामून याचा वजीर हसन बिन सहल याची ती मुलगी. हिजरी सन २१० च्या रमजानमध्ये, म्हणजे इसवी सन ८२५ च्या अखेरीस, तिचा मामूनशी विवाह-सोहळा झाला. इराकमध्ये वासितजवळ फम अस्-सिल्ह या ठिकाणी वधूपित्याने दोन आठवड्यांहून अधिक काळ खलिफा आणि त्याच्या लवाजम्याची मेहमाननवाजी केली. अरबी इतिहासकारांनी या लग्नाची वर्णने रंगवून लिहिली आहेत. नवरा-नवरीवर हजार मोत्यांची उधळण झाली. पाहुण्यांमध्ये सुगंधी गोळे फेकले गेले आणि प्रत्येक गोळ्यात एक चिठ्ठी होती. कोणाला जमीन, कोणाला घोडा, कोणाला गुलाम. चिठ्ठी ज्याच्या हाती लागली, ती वस्तू त्याची. ज्याच्या नावाशी बगदादचे बैतुल हिकमत जोडले जाते, ज्याच्या काळात ग्रीक ग्रंथ अरबीत आले म्हणून आम्ही मुलांना अभिमानाने शिकवतो, तोच हा मामून. तो ८३३ मध्ये वारला. बुरान त्याच्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक जगली आणि ८८४ मध्ये तिचा इंतकाल झाला.

तिच्या नावाचा पदार्थ सुरुवातीला दह्याचा नव्हताच, तो होता वांग्याचा. वांगे हे मूळचे आपल्याकडचे. हिंदुस्थानातून ते इराणात गेले, तिथून अरबांकडे. फारसी बादिंगान आणि अरबी बादिंजान ही नावे भारतीय भाषांतल्या वांग्याच्याच नावापासून निघाली, असे भाषेचे जाणकार मानतात. सुरुवातीला अरबांना ही भाजी मानवली नाही. कडवट लागते म्हणून नावडती, आणि हकीम लोक तिच्यावर नाना रोगांचे खापर फोडत. मग वांगी चिरून मीठ लावून ठेवायची, कडूपणा उतरू द्यायचा आणि तेलात तळायची, ही रीत रुळली आणि वांगे शाही दस्तरखानावर चढले. दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक याने बगदादच्या स्वयंपाकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात वांग्याच्या पदार्थांना बुरानचे नाव लागलेले दिसते. १२२६ मध्ये मुहम्मद बिन हसन अल-बगदादी याने लिहिलेल्या पाकग्रंथात बुरानिया आहे, तो तळलेली वांगी आणि मांसाचा. त्याच ग्रंथात दुसरीकडे उकडलेली वांगी लसूण घातलेल्या दह्यात सोडायची कृती आहे. ती वाचताना आम्हांला आपल्याकडचे दही घातलेले वांग्याचे भरीत आठवले. आपण भाजतो, त्यांनी उकडले, एवढाच फरक.

या ग्रंथानंतर ३२ वर्षांनी, १२५८ मध्ये, हुलागूच्या फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केले. खिलाफत गेली, ग्रंथालये गेली. बुरानिया मात्र गेली नाही. ती पश्चिमेला आधीच स्पेनपर्यंत पोहोचली होती. तिथे आजही भाज्यांच्या एका रश्श्याला अल्बोरोनिया म्हणतात. अंदलुसमधली मुस्लिम सत्ता १४९२ मध्ये संपली, अमेरिकेतून आलेले टोमॅटो आणि मिरच्या त्या रश्श्यात शिरल्या, पण नाव टिकले. पूर्वेला इराण आणि अफगाणिस्तानात उलटे घडले. तिथे वांगे मागे पडत गेले आणि दही पुढे आले. इराणात पालक आणि दह्याची बोरानी करतात. अफगाणिस्तानात तळलेल्या वांग्यावर लसणाच्या घट्ट दह्याचा थर देतात, तीही बोरानी. दही बांधून, पाणी गाळून जे घट्ट उरते त्याला अफगाण लोक काय म्हणतात ठाऊक आहे? चक्का! फारसीत चकीदन म्हणजे ठिबकणे. काबूलच्या घरात आणि करमाळ्याच्या घरात फडक्यातल्या दह्याला एकच नाव आहे, हे कळले तेव्हा आम्ही अम्मींना मुद्दाम फोन करून सांगितले.

इराणी लोक या नावाची आणखी एक कथा सांगतात. इस्लामपूर्व सासानी घराण्यातली, सातव्या शतकात काही काळ तख्तावर बसलेली बोरान नावाची राणी होती, तिच्यावरून हे नाव पडले, असे ते म्हणतात. पाकग्रंथांचा पुरावा बगदादच्या बुरानकडे झुकतो. पण दोन्ही कथांत नाव स्त्रीचेच आहे.

आता परांड्याकडे येऊ. करमाळा तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना. सीना ओलांडली की परांडा. इंग्रजी अमलात करमाळा मुंबई इलाख्यात होते आणि परांडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हद्द राज्याची होती, माणसांची नव्हती. सोयरिकी होत, बाजारहाट होई, बैल आणि मुली नदीच्या दोन्ही बाजूंना दिल्या-घेतल्या जात. करमाळ्याचा किल्ला आणि कमलाभवानीचे मंदिर ज्या राव रंभा निंबाळकरांच्या नावाशी जोडलेले आहे, तेही निजामाचेच सरदार. हैदराबादच्या दस्तरखानावरचे शब्द या रस्त्याने आमच्या घरात आले. आमच्या घरापुरते तरी सांगता येईल : ते नानींसोबत, लग्नाच्या पेटीतून आले.

आणि बाटली? बाटलीतल्या पांढऱ्या सॉसच्या मुळाशी मेयोनीज आहे. अंड्याचा बलक घोटत त्यात थेंब-थेंब तेल सोडायचे. एरवी तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, पण बलकातले घटक तेलाच्या बारीक थेंबांना वेगळे ठेवतात आणि मिश्रण घट्ट होते. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत अंडे नसते, त्याऐवजी दुधाची पावडर, स्टार्च आणि डिंकासारखे घट्टपणा आणणारे पदार्थ असतात. मेयोनीज या नावाची कथा अशी सांगतात की १७५६ मध्ये फ्रेंच सरदार ड्यूक द रिशेल्यू याने भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावरचे माहोन बंदर जिंकले, त्या विजयाची याद म्हणून सॉसला माहोनचे नाव मिळाले.

बाटलीला नावे ठेवण्याचा आमचा इरादा नाही. कारखान्यात बंद झालेली बाटली आणि गाडीवर कच्च्या अंड्यापासून घोटून उन्हात ठेवलेला सॉस यांत मोठा फरक आहे. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलासारखे जंतू पोटात जातात. म्हणूनच तेलंगणा सरकारने ३० ऑक्टोबर २०२४ रोजी आणि तामिळनाडूने ८ एप्रिल २०२५ रोजी कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एकेक वर्षासाठी बंदी घातली. करमाळ्याच्या एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत दूधसुद्धा नासते, तिथे अशा सॉसचे काय होत असेल? घरच्या बुरानीलाही हा नियम आहेच. उन्हाळ्यात दही फ्रिजमध्येच टांगावे, नाहीतर चक्का आंबट होतो, आणि केलेली बुरानी दोन दिवसांत संपवावी.

आमच्या मनाला लागली ती गोष्ट वेगळी आहे. एका पदार्थाला नाव मिळाले वजिराच्या मुलीचे, दुसऱ्याला सरदाराने जिंकलेल्या बंदराचे. बुरानने स्वतः कधी वांगी तळली असतील का? माहोनच्या लढाईनंतर ड्यूकने स्वतः सॉस घोटला असेल का? ज्यांचे हात तेलाने पोळले, त्यांची नावे कुठे आहेत? त्या काळातले एखादे नाव सापडते. मामूनचा चुलता इब्राहिम बिन महदी खाण्याचा मोठा शौकीन. त्याच्या पदरी असलेली बिदआ नावाची दासी स्वयंपाकात अशी तरबेज होती की पाकग्रंथात तिचे नाव उतरले. अशी एक बिदआ. बाकी हजारो हात बेनाम.

रमजान सरल्यावर शाळेत आम्ही मुलांना एक काम दिले. घरात आवडणारा एक पदार्थ लिहा, तो कसा करतात ते लिहा आणि तो घरात कोणी आणला त्यांचे नाव लिहा. कृती सगळ्यांनी लिहून आणल्या. दालचा, गुलगुले, शेंगदाण्याची चटणी, खिचडा. नावाच्या जागी मात्र बहुतेकांनी 'दादी' आणि 'नानी' एवढेच लिहिले. एका मुलीला विचारले, नानीचे नाव काय? ती गोंधळली. म्हणाली, "टीचर, नानी का नाम नानीच है."

वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकले नाही. कारण आमच्या नानींना आम्ही जन्मभर 'परांडेवाली अम्मा' म्हणत आलो. बाराशे वर्षांपूर्वीच्या वजिराच्या मुलीचे मूळ नाव आम्हांला ठाऊक झाले होते आणि ज्यांच्या हातची बुरानी खाऊन वाढलो त्यांचे ठाऊक नव्हते. अम्मींना विचारले. त्यांनी नाव सांगितले आणि थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "बहोत दिन के बाद किसी ने पूछा."

ते नाव आम्ही इथे लिहीत नाही. घरातल्या वहीत लिहून ठेवले आहे, बुरानीच्या कृतीच्या डोक्यावर, मुलांना दिसेल अशा मोठ्या अक्षरांत. शाळेतल्या मुलांना वह्या परत दिल्या आणि सांगितले की ती एक जागा भरून आणा. दुसऱ्या दिवशी ज्या मुलीवर वर्ग हसला होता, ती सगळ्यांत आधी वही घेऊन उभी होती.