हेलियमवर उतरताना

जुलै १९३९. न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्यासमोर ‘फाल्कन’ जहाजाच्या डेकवर तुम्ही बसला आहात आणि दोघे जण तुमच्या पायांत शिशाचे बूट चढवताहेत. भर उन्हात अंगात लोकरीचे कपडे, घामाच्या धारा. असू द्या. खाली ७४ मीटरवर ‘स्क्वालस’ पाणबुडी चिखलात बसली आहे, तिथे उन्हाळा पोचत नाही.

मे महिन्यात ती बुडाली तेव्हा तिच्यातून ३३ जण जिवंत काढले, त्याचा केवढा गाजावाजा झाला! २६ जण गेले. आता उरलंय बोट वर काढण्याचं कंटाळवाणं काम. मला विचाराल तर खरी विद्या इथेच पणाला लागते.

तांब्याचं शिरस्त्राण बसतं. तुम्ही फोनवर बोलता आणि वरचा माणूस अर्धं अंदाजानेच समजून घेतो, कारण हेलियमने तुमचा आवाज चिरका केला आहे. तळाशी दाब वरच्या आठपट. साध्या हवेवर इथे आलेल्यांना नायट्रोजन दारूसारखा चढतो: गाठ दिसते, पण सोडवायची कशी ते सुचत नाही, आणि त्याचं काही वाटतही नाही. म्हणून तर इथल्या पाणबुड्यांचा प्रमुख, नौदल अधिकारी मॉमसेन आणि त्याच्या डॉक्टरांनी ऑक्सिजनच्या जोडीला हेलियम आणला. तुमचं डोकं ताळ्यावर आहे. पाण्याचा झोत सोडणारी वाकडी नळी बोटीच्या पोटाखाली सरकवायची, चिखलात वाट पाडायची.

“वर या.”

डोकं शाबूत राहिलं म्हणून देणं चुकत नाही. रक्तात, चरबीत हेलियम मुरलाय. सरळ वर गेलात तर त्याचे बुडबुडे होतील. सांध्यांत अडकले तर नुसतं ठणकेल, मज्जारज्जूत अडकले तर पाय जातील. म्हणून दोरावरच्या फळीवर टप्प्याटप्प्याने थांबायचं. आणि छळ असा की पृष्ठभाग जवळ येतो तसं थांबणं लांबत जातं, कारण शेवटच्या दहा मीटरांतच दाब निम्म्यावर येतो. डोक्यावर ऊन चमकतंय, तुम्ही लोंबकळताय.

मग डेकवरच्या पोलादी कोठीत पुन्हा दाब, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. कोपर दुखतंय का, असं बाहेरून विचारतील. मर्दुमकी दाखवू नका, खरं सांगा. झडप उघडणारा तुमच्या शब्दावरच दाब उतरवणार आहे.