मृदंगातली हाक : मच्छिंद्रनाथांची कथा पोथीतून पडद्यावर

आष्टी तालुक्यातील सावरगावजवळ, गर्भगिरीच्या डोंगरात, मायंबा हे मच्छिंद्रनाथांचे समाधिस्थान आहे. बालाघाटाच्या या फाट्यावर आणि त्याच्या आसपास नाथांची ठाणी दाटीने वसलेली आहेत : मढीला कान्हिफनाथ, येवलवाडीला जालिंदरनाथ, चिंचोलीला गहिनीनाथ. आज ही गावे अहिल्यानगर आणि बीड अशा दोन जिल्ह्यांत विभागलेली असली तरी यात्रेकरूंच्या लेखी हा सारा एकच मुलूख आहे. मराठीतील सर्वांत अद्भुत कथांपैकी एक या मुलखाशी बांधलेली आहे, आणि पोथी, डौर, रंगभूमी, बोलपट असा तिचा प्रवास झालेला आहे.

कथेचे घराघरांत पोहोचलेले रूप म्हणजे मालू कवीचा ‘नवनाथ भक्तिसार’ हा ओवीबद्ध ग्रंथ. तो शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ च्या सुमारास पूर्ण झाला. त्याचे चाळीस अध्याय आहेत आणि नऊ दिवसांच्या पारायणात ते वाचून संपवण्याची प्रथा आहे. ग्रंथ भक्तीचा असला तरी ऐकायला बसलेल्या मुलांना त्यात सापडते ती निखळ अद्भुतकथा : शाबरी मंत्र, भुताखेतांशी लढाया, भस्माच्या चिमटीने घडणारे चमत्कार, चिखलाच्या पुतळ्यात जीव येऊन झालेला गहिनीनाथ. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी अद्भुताची पहिली चव याच पोथीतून घेतली, ही गोष्ट बालसाहित्याच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

या कथेचे एक वैशिष्ट्य पुढच्या इतिहासासाठी महत्त्वाचे ठरते. तिच्या मोक्याच्या जागा कानाशी निगडित आहेत. शंकराने पार्वतीला केलेला उपदेश माशाच्या पोटातला गर्भ ऐकतो, तोच मच्छिंद्र. पुढे मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जातात, राणीच्या सहवासात रमतात, त्यांना मीननाथ हा पुत्र होतो आणि योगी संसारी होऊन बसतो. त्यांचे शिष्य गोरखनाथ त्यांना सोडवायला निघतात. त्या राज्यात पुरुषाला शिरकाव नाही. तेव्हा गोरख कलिंगा नावाच्या नायकिणीच्या ताफ्याबरोबर वेष पालटून जातात आणि दरबारात नाच रंगात आला असता मृदंग वाजवतात. त्या बोलांतून मच्छिंद्राला आपले आणि शिष्याचे नाव ऐकू येते. शस्त्र नाही, शाप नाही. गुरू सावध होतो तो वाद्याच्या आवाजाने.

परतीच्या वाटेवरचा प्रसंग थेट गर्भगिरीच्या, म्हणजेच गर्भाद्रीच्या डोंगरातला आहे. मच्छिंद्रनाथांच्या झोळीत स्त्रीराज्यातून आणलेली सोन्याची वीट असते. रानात चोराचे भय आहे का, असे ते पुन्हा पुन्हा विचारू लागतात, तेव्हा गोरखाला संशय येतो. तो वीट काढून फेकून देतो आणि झोळीत तेवढ्याच वजनाचा दगड ठेवतो. वीट गेल्याचे कळून गुरू हळहळतात. मग गोरख अख्खा गर्भाद्री सोन्याचा करून दाखवतो आणि हवे तेवढे न्या, म्हणतो. आपण शिष्याची परीक्षा पाहत होतो, असे गुरू सांगतात, आणि डोंगर पुन्हा दगडाचा होतो. एका विटेसमोर एक डोंगर ठेवणारी ही रचना कोणत्याही पटकथाकाराने हेवा करावा अशी आहे.

पोथीच्या बरोबरीने ही परंपरा फिरत्या गायकांनीही जपली. नाथपंथी डवरी गोसावी आणि भराडी डौर हे वाद्य वाजवत गावोगाव नाथांची गाणी गात. मढीच्या यात्रेला रंगपंचमीच्या सुमारास भटक्या जमाती आजही मोठ्या संख्येने जमतात. नाथांच्या चमत्कारांना ऐकण्याच्या जोडीने पाहण्याचे रूप मात्र आधी रंगभूमीने आणि मग सिनेमाने दिले.

सिनेमात चमत्काराची युक्ती दादासाहेब फाळके यांनी फार लवकर आत्मसात केली होती. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) यांत कॅमेरा थांबवणे, एकाच फितीवर दोनदा चित्रण करणे, एक प्रतिमा दुसरीत विरघळवणे या साधनांवर त्यांची हुकमत दिसते. त्याआधी १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. निर्जीव वस्तूला हालचाल देण्याची हीच पद्धत चलच्चित्रणाच्या मुळाशी आहे. फाळक्यांकडे अद्भुत दाखवण्याची सगळी सामग्री होती, फक्त आवाज नव्हता. मुक्या पटात हनुमान उडू शकत होता, पण मृदंगाने नाव घेणे शक्य नव्हते.

‘आलम आरा’ हा बोलपट मार्च १९३१ मध्ये आला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आणला आणि त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’. दिग्दर्शक व्ही. शांताराम. पटकथेचा आधार थेट पोथी नव्हती, तर मणिशंकर त्रिवेदी यांचे ‘सिद्धसंसार’ हे नाटक होते. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. मच्छिंद्रनाथ झाले गोविंदराव टेंबे, राणी किलोतला झाल्या दुर्गा खोटे आणि गोरख झाले मास्टर विनायक.

संगीतही टेंब्यांचेच होते, आणि ही निवड पारखून केलेली होती. पेटीवादनातला त्यांचा अधिकार सर्वमान्य होता. ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या (१९११) चाली त्यांच्या होत्या, आणि १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन करणाऱ्यांत ते होते. संगीत नाटकाची सगळी शिदोरी त्यांच्याबरोबर पडद्यावर आली. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता गायचे, साथीदारांनी चौकटीबाहेर किंवा सेटच्या आडोशाला बसून वाजवायचे, आणि दोन्ही एकाच वेळी ध्वनिमुद्रित व्हायचे. गाणे फसले की चित्रीकरणही फसले. अशा कामाला रंगभूमीवर वर्षानुवर्षे गायलेला माणूसच हवा होता.

दृश्याकडेही प्रभातने तेवढेच लक्ष दिले. दुर्गा खोटे यांच्या राणीसोबत पडद्यावर चित्ता वावरतो. पुरुषांना थारा नसलेल्या राज्याचा दरारा त्या एका जनावराने उभा राहतो. संवादाची गरज पडत नाही. ट्रिक चित्रणासाठी हा पट नावाजला गेला. गुरूचा संसार ही त्याने शिष्यासाठी रचलेली माया होती, असा उलगडा तो शेवटी करतो. येथे रूपांतरकारांनी पोथीच्या पुढे पाऊल टाकले आहे. पोथीतला मच्छिंद्र खरोखर गुंततो, म्हणून गोरखाची हाक काळजाला भिडते. चित्रपटात ती उत्कटता काहीशी कमी होते, पण पडद्यावर जे जे दिसले ते सारे भास होते, हे सांगायला सिनेमाइतके योग्य माध्यम दुसरे नव्हते.

अद्भुत दाखवण्याचा दुसरा मार्ग, म्हणजे फाळक्यांच्या काड्यांप्रमाणे चौकटीगणिक चित्रे रेखाटून हलवण्याचा, महाराष्ट्रात धिम्या गतीने वाढला. प्रभातने १९३० च्या दशकात ‘जंबूकाका’ या कोल्ह्यावरचा छोटा पट केला. १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवायला आले. त्या पिढीतले राम मोहन पुढे या धंद्याचे आधारस्तंभ ठरले. पूर्ण लांबीची बालकथा गाण्यांसह रेखाटण्याचे महत्त्वाचे काम मात्र पुष्कळ उशिरा झाले. पवईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी ‘गोपी गवैया बाघा बजैया’ हा हिंदी चित्रपट बालचित्रपट संस्थेसाठी दिग्दर्शित केला. मूळ कथा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची, १९१५ ची. तिच्यावर त्यांचे नातू सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये चित्रपट केला होता. मच्छिंद्राच्या कथेप्रमाणे या कथेतही सारे आवाजावर चालते : भुतांचा राजा वर देतो तो गाण्यावाजवण्याचा. गोपी गाऊ लागला, बाघाने ढोल धरला की ऐकणारे जागच्या जागी खिळतात.

रेखाटपटात कामाचा क्रम टेंब्यांच्या काळाच्या अगदी उलट असतो. गाणे साधारणपणे आधी ध्वनिमुद्रित होते, आणि मग सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशेबाने पात्राचे ओठ, हात आणि पावले त्या गाण्यावर बसवली जातात. ढोलावरची प्रत्येक थाप कोणत्या चौकटीत पडते, हे रेखाटणाऱ्याच्या तक्त्यात आधीच लिहिलेले असते. ‘गोपी गवैया बाघा बजैया’ २०१३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला. भारतातील चित्रपटगृहांत तो मार्च २०१९ मध्ये आला.