घरच्या चित्रसंग्रहाचा कारभारी

ग्रंथ वाढले की ग्रंथपाल लागतो. संगणकाच्या हार्ड डिस्कवर चित्रपट, गीते आणि छायाचित्रे साठू लागली, तेव्हा घरोघरी हीच गरज निर्माण झाली. हा संग्रह नीट लावून दिवाणखान्यातील पडद्यावर दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरला 'मीडिया सेंटर' म्हणतात. त्याचा इतिहास अवघ्या दोन-अडीच दशकांचा असला, तरी बोधप्रद आहे.

२००२ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज एक्सपी'ची मीडिया सेंटर आवृत्ती काढली. ती सुटी न मिळता नव्या संगणकाबरोबरच घ्यावी लागे. रिमोट हाती घेऊन दूरचित्रवाणी पाहावी, कार्यक्रम मुद्रित करून ठेवावा, गाणी ऐकावीत, अशी सारी सोय तीत होती.

दुसरा प्रवाह निघाला तो याच कंपनीच्या 'एक्सबॉक्स' या २००१ च्या खेळयंत्रातून. ६४ मेगाबाइट स्मृती आणि ८ गिगाबाइटची डिस्क एवढाच त्याचा संसार. कंपनीची मान्यता नसलेली आज्ञावली त्यावर चालू नये, असा बंदोबस्त होता. हौशी मंडळींनी तो ओलांडला आणि त्यावर चित्रपट दाखविणारी आज्ञावली रचली. २००४ च्या जूनमध्ये 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर'ची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. तिचा मूळ मजकूर सर्वांना खुला होता.

या खुलेपणानेच तिला दीर्घायुष्य दिले. २००८ साली ती विंडोज, मॅक आणि लिनक्स यांवर आली. त्याच वर्षी तिच्यापासून 'प्लेक्स'ची शाखा फुटली. २०१० मध्ये जुन्या खेळयंत्राचा आधार सुटला, तरी काम थांबले नाही. २०१४ साली 'कोडी' हे नवे नाव मिळाले. उलट २०१५ च्या 'विंडोज १०'मधून कंपनीने आपले मीडिया सेंटर वगळले. वापर घटल्याचे कारण दिले. ज्यांनी सारी घडी त्यावर बसविली होती, त्यांना जुनी प्रणाली धरून बसावे लागले, नाहीतर नवा कारभारी शोधावा लागला.

'कोडी' स्वतःबरोबर एकही चित्रपट आणत नाही. संग्रह घरानेच पुरवायचा असतो. म्हणून मांडणीला महत्त्व आहे. प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर द्यावे आणि नावापुढे कंसात वर्ष लिहावे. बाबूराव पेंटर यांचा मूकपट 'सिंहगड' १९२३ चा, व्ही. शांताराम यांनी 'प्रभात'साठी केलेला त्याच नावाचा बोलपट १९३३ चा. वर्ष नसेल, तर आज्ञावलीने कोणता ओळखावा? नाव व वर्ष मिळाले, की ती इंटरनेटवरील सूचीतून नटांची नावे आणि भित्तिपत्रक शोधून आणते.

आजोबांच्या कीर्तनाचे जुने ध्वनिमुद्रण मात्र जगातील कोणत्याही सूचीत सापडणार नाही. ते कोठे झाले, तबल्याला कोण होते, हे घरातील वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. ती माहिती त्यांच्या हयातीतच टिपून ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवली पाहिजे, आणि साऱ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढली पाहिजे.

संग्रह सर्वत्र चालणाऱ्या साध्या फाइलींत असला, की आज्ञावली बदलण्याचे भय उरत नाही. कारभारी येतात आणि जातात. दप्तर घरचे घरात राहावे.