आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम

चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२० मध्ये सुरू केलेला प्रोग्रॅमिंग व डेटा सायन्स या विषयांचा पदवी अभ्यासक्रम. प्रारंभी तो तीन वर्षांचा बीएस्सी होता. २०२२ पासून चार वर्षांचा बीएस झाला. प्रवेशासाठी जेईईची अट नाही आणि वयोमर्यादाही नाही. त्याऐवजी उमेदवार चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, संगणकीय विचारपद्धती व इंग्रजी शिकतो आणि मग पात्रता परीक्षा देतो. निवडण्याआधी शिकवणे, हे या पद्धतीचे खरे मोठेपण.

नोकरदारांना हा अभ्यासक्रम सोयीचा ठरतो, कारण ध्वनिचित्रित व्याख्याने सवडीने पाहता येतात. वर्षात तीन सत्रे असतात. कामाचा ताण असेल तेव्हा विषय कमी घेता येतात. स्वाध्याय मात्र दर आठवड्याला ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. शंकानिरसनासाठी चर्चापीठ आणि थेट सत्रे असतात. मुख्य परीक्षा घरून देता येत नाही. शहरोशहरीच्या केंद्रांवर, देखरेखीखाली ती होते. पदवीचा विश्वास बव्हंशी यावरच उभा आहे.

मध्येच थांबणाऱ्याला टप्प्यानुसार प्रमाणपत्र, पदविका किंवा बीएस्सी मिळते. अल्प उत्पन्न गटांना शुल्कसवलत आहे. २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचा बीएसही सुरू झाला.