काश्मीरची हिवाळ्याची बेगमी

प्रदेशाचा इतिहास आपण बहुधा राजांच्या नावांनी आणि लढायांच्या सनांनी लक्षात ठेवतो. परंतु प्रत्येक प्रदेशाला एक घरगुती इतिहासही असतो. कोठीत काय भरले, जळण केव्हा आणले, छपराची डागडुजी केव्हा केली, याचा तो इतिहास होय. कोकणातून आलेल्या वाचकास हे निराळे सांगावयास नको. मृगापूर्वी घराला झडी बांधावयाच्या, लाकूडफाटा पडवीत रचावयाचा, सुकट, सांडगे, पापड भरून ठेवावयाचे. या आगोटीच्या बेगमीवर पावसाचे महिने निभत असत. काश्मीरच्या खोऱ्यात हीच बेगमी हिमाच्या धाकाने करावी लागे.

तेथे हिवाळ्याचा हिशेब लोकांच्या तोंडी पक्का बसलेला आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास ‘चिल्ले कलान’ सुरू होते, ते चाळीस दिवसांचे. त्यामागून वीस दिवसांचे ‘चिल्ले खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचे ‘चिल्ले बच्चा’. या सत्तर दिवसांत जमिनीतून काही मिळावयाचे नाही आणि घाट बंद झाल्यास बाहेरूनही काही यावयाचे नाही, हे गृहीत धरूनच गृहस्थाने शरद ऋतू वापरावयाचा.

घराची रचनाही त्याच हिशेबाने झालेली. अकबराने १५८६ साली काश्मीर जिंकल्यानंतर अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त तेथील घरांचे वर्णन केले आहे. घरे लाकडी, चार व अधिक मजल्यांची. तळमजल्यावर गुरे, त्यावर राहण्याची जागा आणि वरच्या मजल्यांवर संसाराचे सामान. गुरांची ऊब वर राहणाऱ्यांसही मिळे. छपराच्या फळ्यांवर भूर्जपत्रांचे थर देऊन वर माती पसरीत. ज्या भूर्जपत्रांवर पंडितांनी पोथ्या लिहिल्या, तीच घराला पाण्यापासून राखीत. या मातीच्या छपरांवर वसंतात ट्यूलिप फुलत, याचीही नोंद अबुल फजलने केली आहे. खिडक्यांना काचा नसत, लाकडी जाळ्या असत; थंडीचे दिवस आले की त्यांवर कागद चिकटवून वारा अडवीत.

परसातील कामे उन्हाळा सरता सरताच सुरू होत. वांगी चिरून, दुधी भोपळ्याच्या लांब फिती करून, सलगमाच्या चकत्या दोऱ्यात ओवून उन्हात सुकवीत. या सुकवलेल्या भाज्यांना ‘होख स्यून’ म्हणतात. कंदमुळे परसात खड्डा खणून, गवत व माती यांखाली पुरून ठेवीत आणि बर्फ बाजूस सारून लागतील तशी काढीत. गवताचे लांब दोर वळून ते झाडांच्या फांद्यांवर टांगीत, म्हणजे गुरांचा चारा बर्फात सापडत नसे. चिनाराची पाने लाल होऊन गळू लागली की बायका ती झाडून गोळा करीत व जाळून त्यांचा कोळसा करीत. वेताच्या विणीत बसविलेल्या मातीच्या भांड्यात, म्हणजे कांगडीत, तोच कोळसा मंदपणे धुमसत असे आणि ती कांगडी फिरनाच्या आत घेऊन माणसे वावरत. ज्याने उन्हाळ्यात सावली दिली, तोच वृक्ष हिवाळ्यात ऊबही देई.

परंतु या सर्वांच्या मुळाशी कोठीतील भात होते, आणि तेथे गृहस्थाचे एकट्याचे चालत नसे. महाराजा रणबीरसिंहांच्या अमदानीत सारा मुख्यतः धान्यरूपाने घेतला जाई. सरकारचा वाटा ठरविण्यासाठी उभ्या पिकाची पाहणी व्हावयाची आणि ती होईपर्यंत शेतकऱ्याने कापणीस हात लावावयाचा नाही. १८७७ साली पीक तयार होते, पण पाहणी लांबली; इतक्यात शरदाचा पाऊस लागला तो थांबेना. भात शेतातच कुजले. ज्या घरांनी भाज्या सुकविल्या होत्या, जळण रचले होते, त्यांच्याही कोठ्या रिकाम्या राहिल्या. दुष्काळ १८७९ पर्यंत चालला. असंख्य माणसे मेली, असंख्य पंजाबच्या वाटेला लागली. पाऊस दैवाधीन खरा. पण कापणीचा गेलेला पंधरवडा हा दप्तराचा होता. हिवाळ्यास मुदतवाढ देता येत नाही.

पुढे १८८९ साली वॉल्टर लॉरेन्स हे जमाबंदीच्या कामावर तेथे गेले. त्यांनी गावोगाव फिरून शेतसारा दहा वर्षांसाठी बांधून दिला आणि वेठबिगारीचा जाच कमी करविला. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द व्हॅली ऑफ काश्मीर’ या ग्रंथात जमाबंदीच्या शेजारीच सुक्या भाज्या, कांगडी आणि चाऱ्याचे दोर यांनाही जागा मिळाली आहे. सारा किती बसवावा हे ठरविणाऱ्याने रयतेच्या कोठीत काय उरते हे पाहिले पाहिजे, हे त्या अधिकाऱ्यास उमगले होते. खुद्द दरबार मात्र १८७२ पासून हिवाळ्यापुरता जम्मूस उतरत असे. ती प्रथा २०२१ मध्ये थांबली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. दप्तराच्या पेट्या घाट उतरून जात; गृहस्थाची कोठी जागच्या जागीच असे.

१९५६ च्या डिसेंबरात बनिहालचा जवाहर बोगदा खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे पोहोचली. ताजी भाजी आता भर हिवाळ्यातही श्रीनगरच्या बाजारात मिळते. तरीही मोठा हिमपात झाला की महामार्ग काही काळ बंद पडतोच, आणि होख स्यूनच्या माळा आजही तेथील दुकानांत टांगलेल्या दिसतात.

बदलीच्या गावी आपण बिऱ्हाड थाटतो, कामास लागतो. परंतु तेथील माणसे कोणत्या महिन्यात कशाची बेगमी करतात, हे विचारण्याचे बहुधा राहून जाते. आमच्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसाने ते पहिल्याच वर्षी विचारून घ्यावे. आपल्या मेजावर आठवडाभर पडून राहणारा कागद एखाद्या घरच्या कापणीचा, छपराचा किंवा जळणाचा असू शकतो, आणि त्या घरचा हिवाळा तेवढा आठवडा थांबत नाही.