दिवाबत्तीवाल्याची पत

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी स्नो हिल भागात ‘गोल्डन क्रॉस’ नावाची एक मद्यशाळा होती. रिचर्ड केटली हा तिचा चालक. सायंकाळी तेथे जमणारी मंडळी बहुधा कारागीर वर्गातील. हाताला कसब होते, आठवड्याची मजुरीही हाती पडे. परंतु घर घेण्याइतका एकरकमी पैसा कोणाजवळच नव्हता. पेढीवाल्याच्या दारी जावे तर तो तारण मागणार, आणि तारण द्यावयास आधी घर हवे! ही कोंडी फोडण्यासाठी १७७५ साली केटलीच्या मद्यशाळेत एक मंडळी स्थापन झाली. प्रत्येकाने दरमहा ठरावीक वर्गणी द्यावी, पुरेशी रक्कम साठली की एका सभासदाचे घर उभे करावे, आणि ते घर मंडळीकडे गहाण राहावे, असा तिचा बेत होता.

आपल्याकडील भिशीचेच हे भावंड होय. मात्र भिशीतील रक्कम उचललेला मनुष्य पुढचे हप्ते देईल, याला त्याच्या शब्दाखेरीज आधार नसतो. येथे घर स्वतःच जामीन राही. अखेरच्या सभासदास घर मिळाले की मंडळी विसर्जित व्हावयाची. अर्थात ज्याची पाळी शेवटी येई, त्याला वर्षानुवर्षे इकडे घरभाडे आणि तिकडे वर्गणी असा दुहेरी भार सोसावा लागे. गरिबाला उधारीची किंमत कोठे ना कोठे मोजावीच लागते. या मंडळ्यांत ती बव्हंशी प्रतीक्षेच्या रूपाने मोजली जाई.

इंग्लंडातून अमेरिकेस गेलेल्या लोकांनी ही कल्पना आपल्याबरोबर नेली. फिलाडेल्फियाजवळील फ्रँकफर्ड या गावी ३ जानेवारी १८३१ रोजी काही रहिवासी जमले, तेही एका मद्यशाळेतच, आणि त्यांनी ‘ऑक्सफर्ड प्रॉव्हिडंट बिल्डिंग असोसिएशन’ स्थापन केली. दर भागामागे महिना ३ डॉलर वर्गणी होती. पहिले कर्ज मिळाले कॉम्ली रिच नावाच्या इसमास. रस्त्यावरचे दिवे लावणे आणि फण्या बनविणे हा त्याचा उद्योग; आडनावाचा अर्थ मात्र ‘श्रीमंत’! ३७५ डॉलरच्या त्या कर्जातून त्याने घर घेतले. पुढे त्याचे हप्ते थकले, आणि ते कर्ज दुसऱ्याने आपल्या अंगावर घेतले. अमेरिकेतील गृहकर्जमंडळ्यांचा पहिला ऋणकोच असा थकबाकीदार निघाला, तरी मंडळी बुडाली नाही. कर्ज लहान होते, देणारे त्याचे शेजारी होते, आणि हप्ता चुकताच तो सर्वांच्या ध्यानी येत होता.

मुंबईत हीच वाट श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी चोखाळली. १९०६ साली त्यांनी शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली, आणि १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. मुंबईत भाड्याने दिवस काढणाऱ्या मध्यमवर्गीय सारस्वत कुटुंबांना हक्काचा निवारा मिळाला तो अशा सहकारातून. परंतु फ्रँकफर्ड काय किंवा गावदेवी काय, या मंडळ्यांचे बळ परस्परांच्या ओळखीत होते, आणि त्यांचे कुंपणही तेच होते. ज्ञातीबाहेरचा, गावाबाहेरचा मनुष्य कितीही नियमित पैसे भरणारा असला तरी त्याची पत कोण जोखणार?

१९३० नंतरच्या महामंदीत अमेरिकन सरकारने ते काम स्वतःकडे घेतले. तोपर्यंत तेथील कर्जे बहुधा तीन ते पाच वर्षांची असत आणि खरेदीदाराला सुमारे निम्मी किंमत आधी उभी करावी लागे. १९३४ साली स्थापन झालेल्या ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’ने कर्जाचा विमा उतरविण्यास आरंभ करताच २० टक्के रक्कम भरून २० वर्षांच्या मुदतीवर घर घेता येऊ लागले. उपकार मोठा खरा. परंतु मद्यशाळेतील ओळखीच्या जागी आता छापील नियम आले, आणि त्या नियमांनी माणसाबरोबर त्याची वस्तीही जोखली. दुसऱ्या एका सरकारी महामंडळाने तयार केलेल्या नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगाने रंगविल्या गेल्या. तेथील शिक्षक असो वा गिरणीकामगार, त्याला विम्याचे कर्ज मिळणे जवळजवळ अशक्य झाले.

शिकागोच्या लॉनडेल भागात त्या माणसांच्या गरजेवर एक निराळाच धंदा फोफावला. दलाल स्वस्तात घर घेई आणि ते कितीतरी चढ्या किमतीस ‘करारावर’ विकी. अखेरचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत दलालाकडेच राही. एक हप्ता चुकला की घरही गेले आणि आजवर भरलेला पैसाही गेला. फ्रँकफर्डच्या दिवाबत्तीवाल्यास जी सवड मिळाली, ती येथे नव्हती. १९६८ साली या खरेदीदारांनी ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ स्थापून हप्ते रोखून धरले. शेरीफचे शिपाई कुटुंबांना बाहेर काढीत, तेव्हा शेजारी ते सामान उचलून पुन्हा घरात नेऊन ठेवीत. न्यायालयातील त्यांचे मोठे दावे पुढे फेटाळले गेले. परंतु त्यापूर्वीच शेकडो कुटुंबांनी दलालांना करार बदलून देण्यास भाग पाडले होते.